नऊ महिने झाले, बाळ रांगत नाही: थांबायचं की दाखवायचं?

धरमपेठकर
माझं मत स्पष्ट आहे: थांबा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांवरून कोणत्या वयात काय जमतं याचे टप्पे मांडले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. सुमारे ४ टक्के बाळं तशी रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये रांगणं आपल्या टप्प्यांच्या यादीतूनच काढलं. तरी शेजारचं पोट्टं घरभर फिरतं म्हणून इथे नागपुरात सुनेला बोल लावले जातात. ती बिचारी रात्रभर मोबाईलवर शोधत बसते.

मानेवाडा_फिजिओ
आकडे बरोबर, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. १३.५ हे निरोगी बाळांमधलं अगदी शेवटचं टोक आहे, तोवर निवांत राहा असा त्याचा अर्थ होत नाही. रांगणं यादीतून गेलं तरी बसणं, वळणं, हात वापरणं राहिलंच ना! जमिनीवर सतरंजी टाका आणि घरीच बघा. दोन्ही कुशींवर वळतं का, की एकाच? उताणं असताना दोन्ही हात धरून हळू उठवलं तर मान मागे लटकते का? खुळखुळा आधी डावीकडे, मग उजवीकडे धरा. दोन्ही वेळा तोच हात पुढे आला तर "डावखुरा होणार" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. वर्षाच्या आत एकाच हाताची सवय म्हणजे बरेचदा दुसऱ्या हातात जोर कमी असतो. काखेत धरून उभं केल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का? लंगोट बदलताना मांड्या आखडतात का? यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वळण घेतो. तेव्हा दिलेल्या व्यायामाचा जो फायदा होतो, तो नंतर तेवढा मिळत नाही.

महालची_काकू
तुम्ही दोघं भांडता, पण बाळाला जमीन मिळते कुठे? मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, बाळ दिवसभर कूलरच्या खोलीत पलंगावर. डिसेंबरात दोन स्वेटर आणि दुलई. गादीत हात रुततो, मग जोर कशावर लावणार? आधी पंधरा दिवस जमीन द्या. दूध पाजून अर्धा तास झाला की पोटावर पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाचसहा वेळा, मोजे काढून. झोपवायचं मात्र पाठीवरच. आणि बर्डीच्या बाजारातून आणलेला चाकांचा वॉकर माळ्यावर टाका. त्यात बाळ झोळीत लटकतं, पंजांच्या टोकांनी ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही. पायऱ्यांवरून कोसळतं ते वेगळंच. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे. लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट निराळी, तिथे भार स्वतःच्या पायांवर असतो. तोही धरून उभं राहायला लागल्यावरच.

धरमपेठकर
काकू, वॉकरचं शंभर टक्के पटलं. पण "त्याच आठवड्यात दाखवा" हे वाचून किती आया घाबरतील! वेळेआधी जन्मलेल्या बाळांचंच घ्या. ३२ व्या आठवड्यात झालेलं बाळ आठ आठवडे आधी आलं, म्हणजे आजच्या नऊ महिन्यांतून जवळपास दोन वजा. सात महिन्यांच्या बाळाकडून रांगण्याची अपेक्षा कोण करतं? दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करायची असते, ती घरात कोणी सांगत नाही.

सदर_बालरोग
वजाबाकी करा, पण तीच बाळं जास्त जोखमीची असतात. त्यांची तपासणी ठरल्या तारखेलाच व्हायला हवी.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच बाळाची. जे बसत होतं, हसत होतं आणि आता मंदावलंय, त्याची. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दहीही जेमतेम, बाळ आठ-नऊ महिन्यांपर्यंत फक्त अंगावर. आईतच ब-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. केस विरळ आणि भुरकट होतात, बोटांच्या पेरांवर काळसर छटा येते, बाळ गप्प गप्प राहतं, पुढे हात थरथरतात. घरचे म्हणतात, "गुणी आहे, रडतच नाही." इथे एक दिवसही थांबू नका. रक्तात ब-१२ तपासून उपचार सुरू झाले की काही दिवसांतच बाळ टवटवीत होऊ लागतं, पण उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीत उणीव राहू शकते. नुसतं लोहाचं सिरप देऊन हे भरून निघत नाही. आईचीही तपासणी करा, आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा.

धरमपेठकर
आलेलं कौशल्य गेलं तर थांबू नये, हे मान्य. बाकीच्यांसाठी नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आहेच, तेव्हा दाखवा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळ जमिनीवर खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात बाळ रडतं आणि काहीच करून दाखवत नाही. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याला घरी येतात, त्यांनाही विचारा. त्या पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. वाढीत मागे पडलेल्या बाळांची तपासणी आणि उपचार तिथे होतात, पैसे लागत नाहीत.

मानेवाडा_फिजिओ
व्हिडिओचं उत्तम. पण मान लटकत असेल किंवा एकच हात चालत असेल, तर लसीच्या तारखेपर्यंतही थांबू नका. चार महिने पूर्ण होऊनही मान धरली नसेल तर लगेच दाखवा.