परदेशी मदत म्हाताऱ्या विधवांच्या हातात थेट द्यावी का?

रानजाई: युगांडात २०१० साली ब्रिटन आणि आयर्लंडच्या पैशावर वृद्धांसाठी पेन्शन योजना आली. महिना २५,००० शिलिंग, आपले जेमतेम पाच-सहाशे रुपये. वयाची अट तेव्हा ६५, करामोजाच्या दुष्काळी पट्ट्यात ६०. विधवांसाठीची मदत अशीच जावी, असं माझं ठाम मत आहे. शेळ्या, शिलाई मशीन, बचत गटाचं प्रशिक्षण हे धडधाकट बायांना ठीक. गुडघे गेलेल्या सत्तरीच्या बाईला शिवणकाम शिकवून काय साधणार? तिथे एड्सने मधली पिढी नेली, नातवंडं आजीच्याच गळ्यात. तिच्या हाती पैसे आले की त्यातून वह्या, साबण, मीठ येतं.

पारावरचा: आणि देणाऱ्याने हात आखडला की? ब्रिटनने २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, २०२७ पर्यंत ०.३ करायचं ठरलंय. युगांडात योजना देशभर न्यायची वेळ आली तेव्हा अट थेट ८० वर गेली. ६६ वर्षांच्या विधवेने चौदा वर्षं काय करायचं? नेपाळने १९९५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून पंचाहत्तरीपुढच्यांना महिना १०० रुपये सुरू केले, मागोमाग साठीपुढच्या विधवांनाही. रक्कम तेव्हा किरकोळ होती, पण ती कुणा परक्याच्या मर्जीवर नव्हती.

रानजाई: शंभर रुपयांचं कौतुक पुरे. युगांडात आधी काही जिल्ह्यांत पैसे वाटले गेले, म्हणून तर बाकीच्या जिल्ह्यांनी ‘आमचं काय?’ विचारलं. नुसत्या अहवालाने सरकार हललं असतं?

चुलीपुढे: मी गावात संजय गांधी निराधारची प्रकरणं भरून देते. हयातीच्या दाखल्याला म्हातारी तीनदा अंगठा टेकवते, यंत्र ओळखत नाही. जन्मभर राख-मातीने भांडी घासलेले हात ते! युगांडातही हेच. ओळखपत्रावर जन्मसाल चुकलं की ८२ वर्षांची आजी कागदावर ७४ची. यावर तिथल्या संस्था २०२२ मध्ये कोर्टात गेल्या. परदेशी पैसा द्यायचाच तर तिच्यासोबत कचेरीत जाऊन कागद दुरुस्त करून आणणाऱ्या माणसाच्या पगाराला द्या. पण असल्या कामाचा चकचकीत फोटो निघत नाही ना!

सातबारा: पेन्शन-पेन्शन काय? युगांडात नवरा गेला की दीर-पुतणे हद्दीला लावलेली झाडं उपटून बाईला हुसकावतात, दुखणं ते आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेचा वाटा १५ टक्के होता, २०२२च्या कायद्याने २० झाला. पण लग्न रीतीभातीने, नोंद कुठेच नाही, मग ती बायको होती हेच आधी सिद्ध करा. वकिलाला पैसे द्या. जमीन राहिली तर ती पाचशे रुपयांसाठी रांगेत उभी राहणार नाही.

चुलीपुढे: सातबारा, वकील द्या, जरूर द्या. पण निकाल लागेपर्यंत तिने खायचं काय? आणि ज्या दिराविरुद्ध दावा, त्याच्याच अंगणात तिची झोपडी.

पारावरचा: म्हणून तर पेन्शन सरकारी बजेटात हवी. दावा दहा वर्षं चालतो, परदेशी प्रकल्प तीन-चार.