समुद्रातली छोटी तेल कंपनी: आधी खोदाईचा खर्च बघा

बालाघाटकर, अंबाजोगाई
सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्याकडची पोरं शेअर बाजारात उतरतात. सध्या हवा आहे समुद्रात विहिरी असलेल्या छोट्या तेल कंपन्यांची. 'विहीर सुरू झाली की रोज एवढे पिंप निघणार', एवढंच जो तो सांगतो. मी म्हणतो, आधी खोदाईचा खर्च कोण आणि कशातून भरणार ते बघा. रिग म्हणजे विहीर खोदायचा तरंगता सांगाडा, तो भाड्याचा असतो, भाडं दिवसावर, तेही डॉलरमध्ये. पाइप अडकला, समुद्र खवळला, तरी मीटर चालूच. ओएनजीसीची एक विहीर कोरडी गेली तर तिचं काही अडत नाही. जिच्याकडे दोनच विहिरी, तिचं कंबरडंच मोडतं. मी तरी असल्या शेअरला हात लावणार नाही.

मांजराकाठ, लातूर
दादा, नव्या शोधाची जोखीम तुम्ही सापडलेल्या तेलाला लावायलात. २०१६ च्या लिलावात सरकारनं जी छोटी क्षेत्रं काढली, तिथं तेल-वायू आधीच सापडला होता. मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हतं म्हणून ती पडून होती. हिंदुस्थान ऑइल एक्स्प्लोरेशनचं मुंबईच्या समुद्रातलं बी-८० त्यातलंच, २०२२ मध्ये तिथं उत्पादन सुरूही झालं. अशा क्षेत्रांना तेलावरचा उपकर नाही, रॉयल्टी आणि महसुलातला ठरलेला वाटा तेवढा सरकारला द्यायचा. जुलै २०२२ मध्ये विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव वाढल्यानं झालेल्या जादा नफ्यावरचा कर, आला तेव्हासुद्धा आधीच्या वर्षी २० लाख पिंपांपेक्षा कमी तेल काढणाऱ्यांना सूट होती. लहान असण्याचाही फायदा असतो की!

पानाड्या, जालना
तेल हाय म्हणून ते वर येतंयच असं कुठंय राव? आमच्या बोअरला दोन इंच पाणी लागलं, गाडीवाला पैसे घेऊन गेला, अन् मार्चात नुसता फुफाटा.

रिगवाला, नांदेड
मी मुंबईच्या समुद्रात रिगवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जॅकअप रिगचे पाय तळाला टेकवून सगळा डेक पाण्याच्या वर उचलतात. तो हलवायला समुद्र शांत लागतो, म्हणून पावसाळ्यात रिग जागचा हलवणं जवळपास बंद. मे महिन्यात काम लांबलं की अख्खं वेळापत्रक कोलमडतं. दुसरं म्हणजे मुंबई हायची चुनखडी. खोदताना खाली सोडलेलं मड, म्हणजे चिखलासारखं घट्ट द्रव, कधी कधी परतच येत नाही, खडकाच्या भेगा ते गिळून टाकतात. मग त्या बुजवत बसायचं. दिवस जातात, खोली एक फूट वाढत नाही, भाडं मात्र वाढतं.
पण बालाघाटकर, खोदाई एकदाच होते. छोट्या कंपनीला खरं जड जातं ते पुढचं. मोठ्या कंपनीची पाइपलाइन जवळ नसेल तर तेल साठवायला जहाज भाड्यानं उभं करावं लागतं. विहिरीनं रोज चार हजार पिंप दिले काय आणि दीड हजार दिले काय, जहाजाचं भाडं तेवढंच.

बालाघाटकर
म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरवलंत! कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातलं रिलायन्सचं केजी-डी६ आठवा. २००९ मध्ये गॅस सुरू झाला, २०१० मध्ये रोज ६ कोटी घनमीटरच्या वर गेला, मग विहिरींत पाणी आणि वाळू येऊन घसरतच गेला. रिलायन्सकडे पैसा होता, म्हणून २०२० मध्ये नवं क्षेत्र सुरू करता आलं. छोट्यानं मधली वर्षं कशावर काढायची? राइट्स इश्यू आणून, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर विकून, आपल्याच खिशातून ना?

मांजराकाठ
केजी-डी६ खोल समुद्रातलं, बी-८० उथळ. तुलना पटत नाही. शिवाय रिगचं भाडं तेलाच्या भावामागं चालतं. भाव पडले की रिग रिकामे, तेव्हा खोदणाऱ्याला स्वस्तात पडतं.

बालाघाटकर
भाव पडल्यावर छोट्या कंपनीला कर्ज कोण देतं, ते सांगा की. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला होता. त्या आठवड्यात बँकेत जाऊन 'विहीर खोदायचीय' म्हणायचं?

मांजराकाठ
तो मुद्दा मान्य. तरी माझे शेअर मी विकणार नाही. पुढच्या तिमाहीत विहिरीतून तेलाबरोबर पाणी किती यायलंय ते कळलं की बघू.

रिगवाला
पाण्याबरोबर जहाजाचा करार किती वर्षांचा आहे तेही बघा. सगळे तिकडेच दुर्लक्ष करतात.