मदत हवी आहे: रेंडर करताना संगणक बंद पडतो, दोष ग्राफिक्स कार्डाचा की ड्रायव्हरचा?

नमस्कार.

मी कराड तालुक्यातील एका गावात लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन करून देतो. तुळशीचे लग्न लागले की कामाची रीघ लागते, आणि यंदा नेमका त्याच सुमारास माझा संगणक रेंडर (संपादित चित्रीकरणाची अंतिम फाइल तयार करणे) चालू असताना बंद पडू लागला आहे. गेल्या पाच आठवड्यांत असे चौदा वेळा घडले असून, एकदा तर साडेतीन तासांचे रेंडर शेवटच्या दहा मिनिटांवर आलेले असताना वाया गेले. ज्याला विचारावे तो कार्ड बदलायला सांगतो. परंतु तेवढा खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर कार्डाचा आहे की ड्रायव्हरचा (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

संगणक २०१९ साली सुटे भाग आणून जोडून घेतलेला आहे. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि विंडोज ११. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचे असून त्याच्या खोक्यावर २२० वॅट असा उल्लेख आहे, आणि त्याला आठ पिनांची दोन सॉकेट आहेत. हे कार्ड मी वापरलेले घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर दिवसरात्र गणिते करून चलन मिळवणे) बंद झाल्यावर अशी कार्डे बाजारात स्वस्तात आली होती, त्यांपैकीच हे असावे असा मला संशय आहे. विकणाऱ्याने अर्थातच तसे सांगितले नाही. आमच्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, पण संगणक आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर असल्याने त्या बाजूने काळजी नाही.

प्रत्येक वेळी काय घडले ते मी एका वहीत लिहून ठेवले आहे. त्यातील तीन नोंदी जशाच्या तशा देतो. ‘सायं. ७.४०, हळद, रेंडर ३८ टक्के, एकदम बंद, आपोआप सुरू.’ ‘दु. १२.१५, हळद, नॉइज रिडक्शन, स्क्रीन काळी, आवाज एकाच जागी अडकला, चार-पाच सेकंदांनी परत आली.’ ‘रात्री ८.०५, वरात, रेंडर १२ टक्के, एकदम बंद.’ हळदीचा उल्लेख वारंवार येतो, कारण हळदीचे चित्रीकरण बहुधा मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली झालेले असते, चित्रात दाणे फार येतात आणि ते काढण्याच्या (नॉइज रिडक्शनच्या) कामात कार्डाचा अक्षरशः घाम निघतो. कागदपत्रे लिहिताना, इंटरनेट पाहताना किंवा साधी चित्रफीत बघताना मात्र संगणक आजवर एकदाही बंद पडलेला नाही.

आतापर्यंत केलेले उपाय असे. कार्ड उघडून ब्लोअरने धूळ काढली आणि थर्मल पेस्ट नवी लावली. त्यानंतर पूर्ण भारावर कार्डाचे तापमान ७४ अंश आणि त्यातील सर्वांत तप्त बिंदूचे ८८ अंश दिसते, म्हणजे ते आटोक्यात आहे असे मी धरतो. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचे चार फेरे रात्रभर चालवले, एकही चूक निघाली नाही. रॅमचा वाढीव वेग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बंद केला. ड्रायव्हरच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या एकावर एक टाकून पाहिल्या. दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे ‘फॉरमॅट मारून’ विंडोज नव्याने टाकून दिले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी संगणक पुन्हा बंद पडला, आणि माझी सगळी प्लगइन पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले ते वेगळेच. बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याचा पर्याय मी सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकला आहे, जेणेकरून निळी स्क्रीन आलीच तर ती वाचता यावी. तशी ती फक्त दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे होते (टीडीआर म्हणजे अडकलेले कार्ड सावरण्याची विंडोजची व्यवस्था).

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याची ४१०१ क्रमांकाची नोंद तीनदा आणि संगणक रीतसर बंद न होता थांबल्याची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पुष्कळ वेळा आढळते. टीडीआरची मुदत रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) वाढवावी असे काही जण सुचवतात. ती वाढवणे योग्य ठरेल का, आणि वरील लक्षणांवरून कार्ड शेवटच्या घटका मोजत आहे असे समजावे का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपण वही ठेवली हे फार चांगले केले, कारण माझ्या मते उत्तर बरेचसे तिच्यातच आहे. आपण ज्याला एक आजार समजत आहात ते दोन आजार आहेत, आणि एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही.

स्क्रीन काळी होऊन परत येणे, ४१०१ ची नोंद आणि टीडीआरची निळी स्क्रीन हा पहिला आजार. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की कार्डाला दिलेले काम ठरावीक मुदतीत हातावेगळे झाले नाही किंवा मध्येच थांबवता आले नाही, तर कार्ड अडकले असे मानून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही मुदत मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांची असते. ड्रायव्हर सावरला तर ४१०१ ची नोंद होते, सावरला नाही तर निळी स्क्रीन येते. म्हणून मुदत वाढवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की काम खरोखरच लांबलचक असेल आणि कार्ड ठणठणीत असेल तरच त्याचा उपयोग होतो. कार्ड अडकतच असेल, तर २ च्या जागी १० सेकंद लिहून आपण फक्त काळ्या स्क्रीनकडे अधिक वेळ बघत बसाल.

काहीही सूचना न देता एकदम बंद होऊन आपोआप सुरू होणे हा दुसरा आजार. पुन्हा सुरू होण्याचा पर्याय काढलेला असूनही हे घडते, याचा अर्थ विंडोजला निळी स्क्रीन दाखवण्याचीही उसंत मिळत नाही. कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदीतील तपशिलाच्या पानावर बगचेक-कोड (निळ्या स्क्रीनचा त्रुटी-क्रमांक) पाहावा. तो शून्य असेल आणि मिनीडंपच्या फोल्डरमध्ये (जिथे विंडोज बिघाडाचा तपशील जतन करते) त्या वेळेची फाइल नसेल, तर तिथे ड्रायव्हरच्या मागे लागणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होईल. माझा पहिला संशय आपल्या यूपीएसवर आहे. तो किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचे माप) आहे हे आपण लिहिलेले नाही. घरगुती वापरात सहसा ६०० व्हीएचा असतो आणि त्याची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. आपले कार्ड २२० वॅट, प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून सव्वाशे वॅट, पॉवर सप्लायमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज आणि शिवाय मॉनिटर, असा हिशेब केला तर रेंडरच्या वेळी भिंतीतून सव्वाचारशे वॅटच्या पुढे वीज ओढली जात असणार. वीज चालू असेपर्यंत यूपीएस हे कसेबसे निभावून नेतो. दाब घसरला, आतला रिले (वीज वळवणारा स्विच) ‘टक्’ करून बॅटरीकडे वळला, की भार झेपत नाही आणि तो हात वर करतो. कागदपत्रे लिहिताना भार शंभर वॅटच्या आतबाहेर असल्याने तोच रिले वळला तरी आपल्याला कळतही नाही.

खात्री करणे सोपे आहे. सगळे काम जतन करून एक निरुपयोगी रेंडर लावावे आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करावे. त्यानंतर हीच चाचणी रेंडर नसताना करावी. वहीतील ‘एकदम बंद’ च्या नोंदींच्या वेळाही पुन्हा पाहाव्यात.

पहिल्या आजारासाठी ड्रायव्हरवर ड्रायव्हर टाकणे थांबवावे. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा, इंटरनेट बंद करावे, सेफ मोडमध्ये (विंडोजच्या किमान अवस्थेत) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने जुने सर्व अवशेष काढावेत आणि मग तो बसवावा. इंटरनेट आधी बंद करणे महत्त्वाचे आहे, नाहीतर आपण एक काढत असताना विंडोज अपडेट मागच्या दाराने दुसराच ड्रायव्हर आणून बसवते. एका वेळी एकच बदल करावा.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी जोडतो. कार्डाच्या दोन सॉकेटना पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबल आल्या आहेत, की एकाच केबलची दोन तोंडे जोडलेली आहेत, ते पाहावे. आठ पिनांच्या एका सॉकेटमधून १५० वॅट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट असा हिशेब असतो, परंतु कार्डाची मागणी क्षणभरासाठी खोक्यावरच्या आकड्याच्या बरीच वर उसळते, आणि तो सगळा भार एकाच केबलवर टाकणे बरे नव्हे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, सोळा दिवसांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. उत्तरास विलंब झाला, कारण एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य पाळले.

यूपीएस ६०० व्हीएचाच निघाला. मागच्या बाजूच्या धुळीखालच्या लेबलवर ३६० वॅट स्पष्ट छापलेले आहे, जे मी इतक्या वर्षांत कधी वाचले नव्हते. आपण सांगितलेली चाचणी केली. रेंडर चालू असताना भिंतीवरचे बटण बंद केले, तर यूपीएसची पहिली ‘पीं’ पूर्ण होण्याआधीच संगणक, मॉनिटर आणि टेबलाखालचा हिरवा दिवा तिन्ही एकदम विझले. रेंडर नसताना तेच केले, तेव्हा संगणक नऊ मिनिटे निवांत चालला. वही पुन्हा चाळली. चौदापैकी नऊ नोंदी ‘एकदम बंद’ अशा आहेत, आणि त्यांतील सात संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेतील आहेत, जेव्हा आमच्याकडे घरातले दिवेसुद्धा मिणमिणतात. मी रेंडर रात्री लावतो म्हणून रात्री बंद पडतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. नऊही वेळांचा बगचेक-कोड शून्य आहे.

पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असल्याने, घरातील अर्थिंग तपासून घेऊन संगणक थेट भिंतीतील सॉकेटला जोडला. तेव्हापासूनच्या सोळा दिवसांत दिवे अनेकदा मंदावले, पण संगणक एकदम बंद होण्याचा प्रकार एकदाही घडलेला नाही. दोनदा वीजच गेली, त्याला इलाज नाही.

ड्रायव्हरचे दुखणे मात्र खरेच वेगळे होते. केवळ यूपीएस बाजूला केल्यावर पहिल्या चार दिवसांत ४१०१ ची नोंद दोनदा झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले, तर मी बसवलेली आवृत्ती तिथे नव्हतीच, विंडोज अपडेटने आणलेली जुन्या तारखेची होती. सेफ मोडमध्ये जाऊन सांगितल्याप्रमाणे सफाई केली आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर बसवला. त्यानंतरच्या आठवड्यात नोंद एकदाच झाली, तीही हळदीच्या फोर-के चित्रीकरणावर नॉइज रिडक्शन चालू असताना, जेव्हा कार्डाच्या ८ जीबीपैकी ७.६ जीबी मेमरी भरलेली दिसत होती. मग केबल पाहिली. एकाच केबलची दोन तोंडे होती, ती काढून दोन स्वतंत्र केबल लावल्या. दोन दिवसांनी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून कार्डाच्या कोअरचा वेग ७५ मेगाहर्ट्झने कमी केला, कारण हे कार्ड कारखान्यातूनच वाढीव वेगावर आलेले आहे आणि त्याने तारुण्यात काय काय सोसले आहे ते मला ठाऊक नाही. रेंडरला पूर्वीपेक्षा तासाला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. गेल्या पाच दिवसांत हळदीची चार रेंडरे निर्विघ्न पार पडली. केबल आणि वेग यांपैकी नेमका कशाने गुण आला, हे पाहण्यासाठी रविवारी वेग पूर्ववत करून तेच फोर-के चित्रीकरण पुन्हा लावणार आहे, आणि त्यात नोंद झालीच तर कार्ड मित्राच्या संगणकात घालून तपासेन.

आता एकच प्रश्न उरतो. यूपीएसशिवाय काम करणे मला परवडणारे नाही. १००० व्हीए आणि ६०० वॅटचा साधा यूपीएस पुरेसा होईल, की बॅटरीवर असताना साध्या यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर अशा पॉवर सप्लायला मानवत नसल्याने शुद्ध साइन वेव्हचाच (भिंतीतील विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्यावा? किमतीत बराच फरक पडत असल्यामुळे, ज्यांनी २०० वॅटच्या वरचे कार्ड साध्या यूपीएसवर प्रत्यक्ष चालवले आहे त्यांनी वीज गेल्यावर काय झाले ते सांगितल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.