विमानाला मानवलेली संवेदनशीलता हेलिकॉप्टरला का मानवत नाही?

धावपट्टी_०८ यांचा प्रश्न:

नमस्कार. मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये मुख्यतः सेसना १७२ हे छोटे विमान उडवतो. माझ्याकडे पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे नियंत्रण) देता येणारी साधी जॉयस्टिक आहे. उतरताना विमानाचे नाक सारखे वरखाली होत असे, म्हणून पिच (नाक वरखाली होणे) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणे) या दोन्ही अक्षांची संवेदनशीलता उणे ५० केली व डेड झोन (दांड्याच्या मध्याजवळचा, हालचालीला प्रतिसाद न देणारा भाग) ५ टक्के ठेवला. तेव्हापासून विमान शहाण्यासारखे वागते. त्याच सेटिंगवर आता बेल ४०७ हेलिकॉप्टर घेऊन जुहूच्या विमानतळावर हॉव्हरचा (हवेत एका जागी स्थिर राहण्याचा) सराव चालला आहे. हेलिकॉप्टर क्षणभर स्थिर राहते, मग डावीकडे सरकते, आणि मी सावरायला जावे तोवर दुप्पट वेगाने उजवीकडे निघते. संवेदनशीलता उणे ८० पर्यंत नेली, तर प्रकार आणखी बिघडला. कमी केल्यावर ते निदान शांत तरी व्हायला हवे होते ना? नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी सांगावे.

टेल_रोटर यांचे उत्तर:

उणे आकडा टाकल्याने संवेदनशीलता घटत नाही, तिची फक्त वाटणी बदलते. दांडा पूर्ण टोकाला नेला की नियंत्रणही पूर्ण टोकालाच पोहोचणार असल्यामुळे, मध्याजवळ जेवढे वाचवाल तेवढे कडेला फेडावेच लागते. दांड्याच्या हालचालीचा अर्धा भाग सरळ आणि अर्धा तिच्या घनाच्या प्रमाणात धरणारा एक कर्व्ह (दांडा किती हलवला की किती नियंत्रण मिळते, ते ठरवणारी रेषा) घ्या. दांडा २० टक्के हलवला तर नियंत्रणाला सुमारे १० टक्के मिळतात, ५० टक्के हलवला तर ३१ टक्के. पण अगदी कडेला पोहोचेपर्यंत तोच दांडा सरळ रेषेच्या दुप्पट तिखट झालेला असतो. (हे केवळ उदाहरण आहे, प्रत्येक सिम्युलेटरचे सूत्र वेगळे असते.)

सेसनाला हे चालते, याला कारण आहे. खऱ्या विमानात वेग वाढला की योक (वैमानिकाच्या हातातले नियंत्रण) जड होतो, आपल्या जॉयस्टिकच्या स्प्रिंगला मात्र वेगाचा पत्ताच नसतो, त्यामुळे मध्याजवळ थोडी मऊ बाजू दिली की ती उणीव काहीशी भरून निघते. शिवाय ट्रिम (दांडा धरून न ठेवता विमान स्थिर ठेवणारी जुळवणी) लावल्यावर दांडा मध्यावर येतो आणि बरेचसे उड्डाण त्या मऊ भागातच पार पडते. हेलिकॉप्टरचा सायक्लिक (रोटर हव्या त्या दिशेला कलवणारा दांडा) मध्यावर राहीलच असे नाही. बेलचा मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, शेपटीवरील टेल रोटरचा जोर यंत्राला उजवीकडे ढकलतो आणि तो तोलण्यासाठी हॉव्हरमध्ये दांडा किंचित डावीकडे धरावा लागतो. पुढच्या दिशेने उडताना तो पुढे सरकतो. म्हणजे तुमचा हात कर्व्हच्या चढावर काम करतो, आणि तोही एका बाजूला मऊ व दुसऱ्या बाजूला तिखट अशा जागी. उणे ८० ने बिघाड वाढला, तो याचमुळे.

माझा सल्ला असा की सायक्लिकचे दोन्ही अक्ष शून्यावर आणा, फार तर उणे १५ ते २०, आणि डेड झोन दांडा मोकळा सोडल्यावर जेवढा थरथरतो तेवढाच, १ टक्क्याच्या आसपास, ठेवा. हॉव्हरमध्ये हात सतत दिशा बदलत असतो. त्या वाटेत डेड झोन आला की प्रत्येक वेळी आधी काहीच घडत नाही आणि मग एकदम घडते. कलेक्टिव्हला (यंत्र वर-खाली नेणाऱ्या दांड्याला) तर कर्व्ह नकोच.

चक्री यांचे उत्तर:

वरील विवेचन पटते, पण एक दुरुस्ती. ज्या हेलिकॉप्टरांना फोर्स ट्रिम आहे, तिथे कर्व्ह पुन्हा उपयोगी पडतो. डीसीएस या सिम्युलेटरमधील यूएच-१एच हेलिकॉप्टर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हॉव्हर साधला की ट्रिमचे बटण दाबायचे आणि दांडा मध्यावर सोडायचा. सिम्युलेटर तीच स्थिती नवा मध्य मानतो, आणि कर्व्ह जॉयस्टिकच्या मध्याभोवतीच असल्याने मऊ भाग बरोबर तुमच्या हाताखाली येतो. बटण दाबल्यावर दांडा परत येईपर्यंतचा हिसका टाळण्यासाठी त्या हेलिकॉप्टरच्या विशेष पर्यायांत मध्यस्थितीची ट्रिम पद्धत निवडावी. तिथे मी कर्व्हेचर (कर्व्हची वक्रता) १५ ठेवतो. उजवी कंट्रोल आणि एंटर ही बटणे एकत्र दाबली की नियंत्रणांची चौकट पडद्यावर दिसते. हॉव्हरमध्ये सायक्लिकची खूण मध्यापासून किती दूर असते, ते त्यात एकदा पाहून घ्यावे.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये मात्र प्रतिसादाच्या पट्ट्यांशेजारी स्थिरतेच्या वेगळ्या पट्ट्या असतात. त्या उजवीकडे नेल्या की सिम्युलेटर तुमच्या वतीने उलट नियंत्रण देऊ लागतो. हेलिकॉप्टर शिकायचे असेल तर त्या शून्यावरच ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

धावपट्टी_०८:

आभारी आहे. सायक्लिक शून्यावर आणल्यावर झोके लहान झाले, पण आता नाक डावी-उजवीकडे फिरते, आणि तेही मी पेडल (नाक वळवणारे नियंत्रण) देत नसताना. सेसनासाठी प्रत्येक वेळी आकडे बदलत बसावे लागेल का?

टेल_रोटर:

नाक फिरण्याची कारणे दोन असू शकतात. पिळणाऱ्या दांड्यावर सायक्लिक बाजूला नेताना मनगट नकळत पिळले जाते; म्हणून केवळ या पिळण्याच्या अक्षाला ४-५ टक्के डेड झोन आणि उणे ३० च्या आसपास कर्व्ह द्यावा, इथे तो क्षम्य आहे. दुसरे, कलेक्टिव्ह उचलला की टॉर्क (सांगाड्याला रोटरच्या उलट फिरवू पाहणारा जोर) वाढतो आणि बेलला डावे पेडल लागते. कॅब्री जी२ या हेलिकॉप्टरचा रोटर उलट फिरत असल्यामुळे तिथे उजवे. हा भाग पायांच्या सवयीचा आहे, सेटिंगने तो सुटत नाही.

आकडे बदलत बसू नका. २०२० च्या आवृत्तीत त्याच जॉयस्टिकसाठी हेलिकॉप्टरचे वेगळे प्रोफाइल जतन करा आणि उड्डाणापूर्वी हाताने निवडा; २०२४ च्या आवृत्तीत ते विशिष्ट विमानाला जोडता येते. आणखी एक, सावरताना जमीन किती सरकली याकडे पाहू नका. आधी रोटर कलतो, मग सांगाडा, आणि सरकणे सर्वांत शेवटी दिसते. तोवर उशीर झालेला असतो. नजर दूर क्षितिजावर ठेवा, कल दिसताच दांडा थोडा द्या आणि यंत्राने उत्तर देण्याआधीच अर्धा परत घ्या.