साइट इंजिनिअरमधून प्रोजेक्ट इंचार्ज झालोय: पीएमपी, एमबीए की प्रिमाव्हेरा?

कुपवाडकर: नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसीतल्या इरेक्शन (यंत्रं साइटवर उभारून जोडणाऱ्या) फर्ममध्ये. आजवर साइट बघत होतो, आता मालकांनी एका साखर कारखान्याच्या विस्तारवाढीचं अख्खं काम माझ्याकडे दिलंय. बॉयलर, टर्बाइन, बगॅस (उसाचा चोथा) कन्व्हेयर, सगळं. पुढचं गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होणार आणि मधे पावसाळा. ड्रॉइंग बदलत राहतात, वेल्डर दोन-तीन साइट्सवर वाटलेले. नोकरी सोडून पुण्याला जाणं शक्य नाही. काय शिकू: पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र), एमबीए की प्रिमाव्हेरा (वेळापत्रक मांडायचं सॉफ्टवेअर)?

मिरजेची_प्लॅनर: पीएमपी नोकरी सांभाळून होतं. पदवीधराला ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. नुसतं साइटवर असणं धरत नाहीत, काम तुम्ही पुढे होऊन चालवलं हे अर्जात दिसायला हवं. तेवढं भरत नसेल तर कॅपम (पीएमपीच्या आधीच्या पायरीचं प्रमाणपत्र) करा, त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. पीएमपी टिकवायला दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) जमवावे लागतात. एमबीएचा विचार सध्या नको.

कराड_शटडाउन: परीक्षा जरूर द्या, पण या हंगामाला ती कामी येणार नाही. आधी क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी, हाताने मांडायला शिका. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्युपाँटने आपल्या रासायनिक कारखान्यांसाठी घडवली, म्हणजे आपल्यासारखंच काम. गाळपाच्या तारखेपासून उलटं या: स्टीम ब्लोइंग (वाफेने पाइप साफ करणं), त्याआधी अल्कली बॉइलआउट (बॉयलर आतून रसायनाने धुणं), रिफ्रॅक्टरी (भट्टीचं उष्णतारोधक अस्तर) सुकवणं, बॉयलर निरीक्षकांसमोर हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), वेल्डिंगची रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी), पावसाआधी फाउंडेशन. टर्बाइनची ऑर्डर तर या सगळ्याच्या कितीतरी आधी.

आपल्याकडचे बहुतेक प्लॅन इरेक्शनच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात. खरेदी, ड्रॉइंगची मंजुरी, निरीक्षणाची तारीख यांना त्यात ओळच नसते. उशीर तिथे होतो आणि नाव वेल्डरचं खराब होतं. मला हा फार मोठा अन्याय वाटतो. प्रिमाव्हेरा नंतर बघा. एक्सेलही चालेल, फक्त प्रत्येक कामापुढे ‘याआधी काय संपायला हवं’ हा रकाना भरलेला हवा.

वाळवा_फोरमन: आणि दादा, तो रकाना फोरमनला शेजारी बसवून भरा. क्रेन कुठून आत येईल हे त्यालाच माहीत असतं. पुराचंही धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपल्याकडचे रस्ते पाण्याखाली होते. बॉयलर ड्रमसारखा जड माल जूनमध्येच साइटवर उतरवून घ्या.

कुपवाडकर: मनापासून आभार. आज फोरमनला बोलावतो. ड्रॉइंग बदलतात त्याचं काय करू? तोंडी सांगतात आणि नंतर कुणाला आठवत नाही.

मिरजेची_प्लॅनर: वही घाला. तारीख, कुणी सांगितलं, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, किती दिवस वाढले, किती खर्च वाढला. त्याच संध्याकाळी कारखान्याच्या इंजिनिअरला ईमेल करा आणि लेखी होकार आल्याशिवाय कटिंगला माल देऊ नका.