अकरावीतच तर आहे ना ती!

बापूकाका (सांगली): यंदा गणपती १४ सप्टेंबरला. अमोल, तिकिटं आत्ताच काढून टाक, नंतर हात लावू देणार नाहीत. सई अकरावीतच तर आहे ना? पंधरा दिवस शाळा बुडली म्हणून काय बिघडतंय! पुढच्या वर्षी बारावी म्हटल्यावर तुम्ही येणारच नाही.

अमोल (फ्रिस्को, टेक्सास): काका, इकडे सगळं उलटं आहे. बारावीला एकवेळ जमेल. अकरावीला नाही जमायचं.

बापूकाका: ३४ वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलंय मी. अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष. सीईटीतसुद्धा अकरावीचे प्रश्न साधारण २० टक्केच असतात.

मेधाताई (एडिसन, न्यू जर्सी): काका, इथे बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी अर्ज जाऊन बसलेले असतात. शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि बऱ्याच मुलांचे अर्ज नोव्हेंबरच्या १ तारखेला जातात. मग कॉलेजला पूर्ण वर्षाचे मार्क दिसतात ते शेवटचे अकरावीचेच. आमच्या ओंकारच्या वेळी हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्याची अकरावी संपत आली होती.

अमोल: टेक्सासात तर त्याचा कायदाच आहे. १९९७ चा. शाळेत वरच्या १० टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात प्रवेश ठरलेला. पण ऑस्टिनच्या यूटीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला, इतकी झुंबड की त्यांना मर्यादा आणखी खाली घ्यायची मुभा आहे. आधी ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५. आणि नंबर धरतात तो अकरावी संपतानाचा. सईच्या बॅचला ६०० मुलं. म्हणजे पहिली ३०. ती सध्या ४१वी आहे.

बापूकाका: ४१वी? अरे, ९५-९६ पडतात म्हणाला होतास ना?

केतकी (सईची आई): पडतात काका, पण इथे सगळ्यांनाच पडतात. म्हणून खरी चढाओढ एपीच्या, म्हणजे शाळेतच शिकवतात त्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयांची. ते घेतले की जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, वर सरकतो, मग जो तो एपी घेत सुटतो. सईने यंदा चार घेतलेत. कॅल्क्युलस, केमिस्ट्री, यूएस हिस्ट्री, इंग्लिश. मी म्हणत होते तीन पुरे. बापलेकीपुढे माझं कोण ऐकतं!

अमोल: ४१ वरून ३० मध्ये तीन विषयांत यायची का ती?

मेधाताई: अमोल, नंबरात आली तरी प्रवेश पक्का होतो तो विद्यापीठात. कॉम्प्युटर सायन्स मिळेलच असं त्या कायद्यात नाही, त्याची निवड वेगळी होते. तेव्हा ३० व्या नंबरासाठी पोरीची झोप उडवू नकोस. केतकी म्हणते ते ऐक.

बापूकाका: ती कॉलेज प्रवेशाची परीक्षा, एसएटी म्हणतात ती, कधी?

अमोल: वर्षातून सात-आठ वेळा असते काका. सव्वादोन तासांचा पेपर, लॅपटॉपवर. यूटीने मध्ये सोडून दिली होती, २०२५ च्या प्रवेशापासून पुन्हा मागायला लागलेत. मार्चमध्ये एकदा देऊन बघेल, हवी तर ऑगस्टमध्ये परत.

मेधाताई: एसएटीचं काय, परत देता येते. शिक्षकांच्या शिफारसपत्राचं तसं नाही. ओंकारला हिस्ट्रीच्या बाई फार आवडायच्या, त्यांच्याच वर्गात तो हात वर करायचा. आम्ही म्हटलं बारावी सुरू झाली की मागू. सप्टेंबरात गेला तर बाई म्हणाल्या, मी १५ जणांना होकार दिलाय, आता घेत नाही. घरी येऊन बूटसुद्धा न काढता जिन्यात बसून राहिला. शेवटी ज्या सरांनी पत्र दिलं त्यांना तो नीटसा आठवतही नव्हता. केतकी, मे महिन्यात एपीच्या परीक्षा असतात, त्याआधीच सईला दोन शिक्षकांना जाऊन विचारू दे. तिनेच. तू मेल करू नकोस.

केतकी: नोंद केली ताई. आणि भरतनाट्यम चालू ठेवू ना? अरंगेत्रम, म्हणजे तिचा रंगमंचावरचा पहिला एकटीचा कार्यक्रम, पुढच्या उन्हाळ्यात म्हणतायत गुरू.

मेधाताई: ठेव की. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या त्या एकाच अर्जात, अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहिता येतात, प्रत्येकीला १५० अक्षरं. दहा भरायच्याच असं कुठेही नाही. नऊ वर्षं नाचतेय ती. आता दहावीला घेतलेली ती कसली कसली क्लबं सोडायला सांग.

अमोल: *हा मेसेज डिलीट केला आहे*

मेधाताई: वाचला मी. रोबोटिक्स क्लब तूच लावलास तिला, तिला नको होता.

बापूकाका: बरं, ते वाकडच्या फ्लॅटचं काय? गिऱ्हाईक डिसेंबरच्या आत व्यवहार करू म्हणतंय.

मेधाताई: थांबा थांबा. अमोल, कॉलेजच्या खर्चासाठी मदतीचा सरकारी फॉर्म, फाफ्सा, दोन वर्षं मागचं टॅक्स रिटर्न बघतो. सई कॉलेजात जाणार २०२८ ला, म्हणजे पहिल्या वर्षासाठी बघणार २०२६ चं. हेच चालू वर्ष! फ्लॅटचा नफा तुझ्या इथल्या रिटर्नमध्ये येणार आणि उत्पन्न एकदम फुगलेलं दिसणार.

अमोल: मग जानेवारीत विकू?

मेधाताई: तर तिच्या दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मात दिसेल. सुटका नाही, आणि न विकलास तरी मालमत्ता म्हणून दाखवावा लागतोच. तुझ्या पगारावर मदत मिळेल का हाच आधी प्रश्न आहे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर मदत वजा जाता खर्च किती पडेल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आज रात्री दोघं बसून चार कॉलेजांचे आकडे टाका. मग गिऱ्हाईकाला काय ते सांगा. आणि आकडा सईला दाखवा. आम्ही ओंकारला दाखवला नव्हता. जिथे निवड झाली तर जायलाच लागतं असा अर्ज भरून बसला, आणि मग रात्रभर आम्ही दोघं हिशेब करत होतो.

बापूकाका: म्हणजे यंदा गणपतीला नाही.

अमोल: सप्टेंबरात खरंच नाही काका. ऑक्टोबरात पीएसएटी, एसएटीची सराव परीक्षा, आहे. डिसेंबरात दोन आठवडे सुट्टी असते, तेव्हा येतो. नक्की.

आई (सईची आजी): मला एवढं सगळं कळलं नाही. डिसेंबरात संकष्टी असेलच ना? मोदक तेव्हा करू. सईला म्हणावं अभ्यासाचं पुस्तक आण, माडीवर कोणी त्रास देणार नाही.

बापूकाका: कॅल्क्युलस मी घेईन तिचं.