मदत हवी आहे: स्वादुपिंडाला सूज, पांढऱ्या पेशी १८,०००, तरी अँटिबायोटिक नाही?

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या दिरांना (वय ४६) अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिस (स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज) झाला होता. पित्ताशयातला खडा नळीत अडकला, असं निदान. रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य) भरमसाठ, ताप, डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी १८,०००. आता घरी आले आहेत. पोटात थोडं पाणी साठलंय, ते जिरलं की पित्ताशय काढणार आहेत.

डॉक्टर म्हणाले, "जंतू नाहीत, त्यांच्याच पेशी चवताळल्यात." अँटिबायोटिक दिलं नाही. राउंडच्या गडबडीत पुढचं विचारायचं राहिलं.

माझे प्रश्न: जंतू नव्हते तर पांढऱ्या पेशी कशाला धावल्या? आणि त्याच नासधूस करत होत्या तर स्टेरॉइड देऊन दाबल्या का नाहीत? शिवाय मावससासूबाई रोज गुळवेलीचा काढा घेऊन येतात, "भाऊजींची प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणून. द्यावा का?

(डॉक्टर बदला, हा सल्ला कृपया नको. आमचा त्यांच्यावर विश्वास आहे.)

प्रतिसाद: कोपऱ्यातला डॉक्टर

ताई, पांढऱ्या पेशींना जंतूच लागतात असं नाही, फुटलेली पेशीही पुरते. स्वादुपिंडात ट्रिप्सिनोजेन हे पाचकद्रव्य निद्रिस्त अवस्थेत तयार होतं आणि आतड्यात गेल्यावर जागं होऊन ट्रिप्सिन बनतं. खड्याने नळी तुंबली की ते पेशीच्या आतच जागं होतं आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच हे मांडलं होतं. मरणाऱ्या पेशीतून डीएनए आणि इतर ऐवज बाहेर सांडतो, शिवाय जखमी पेशी स्वतःही रसायनं सोडून हाका मारते. काही तासांत न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी, येतात. मागून रक्तातले मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) येऊन मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, बनतात.

ताप आणि १८,००० चं कोडं यातच सुटतं. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, डब्ल्यूबीसी १२,००० च्या वर, यांतली दोन जरी दिसली तरी अंगभर दाह पसरलाय असं आम्ही धरतो. पहिल्या आठवड्यात हे जंतूंशिवाय सर्रास दिसतं. म्हणून नुसत्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं.

प्रतिसाद: पेशीवाला

माझं संशोधन याच्या आसपासचं आहे, म्हणून थोडी भर. न्यूट्रोफिल नुसते उशिरा पोचलेले बघे नाहीत. उंदरांमधले न्यूट्रोफिल आधीच कमी केले तर स्वादुपिंडात ट्रिप्सिनही कमी जागं होतं. म्हणजे दाह हा इजेचा परिणाम, तसाच तिचं कारणही. हे न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि ती बारीक नळ्यांत अडकून त्या तुंबतात. २०१८ मध्ये आणखी एक गंमत कळली: मॅक्रोफेज सांडलेली पाचकद्रव्यं गिळतात आणि ट्रिप्सिन त्यांच्या पोटातही जागं होतं! उलट, ट्रिप्सिनोजेनचा मुख्य प्रकार ज्यांच्यात नाही अशा उंदरांनाही दाह होतोच. त्यामुळे सगळा दोष ट्रिप्सिनच्या माथी मारता येत नाही.

धागाकर्ती

वा, बरंच उलगडलं. पण मग दाबत का नाहीत?

प्रतिसाद: कोपऱ्यातला डॉक्टर

कारण आजार मध्येच कूस बदलतो. गंभीर रुग्णात सुरुवातीच्या भडक्यानंतर याच पेशी थकतात. मोनोसाइटवरचा एचएलए-डीआर हा प्रथिनाचा झेंडा उतरतो, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटतात, आणि त्याच सुमारास आतड्यातले जंतू मेलेल्या भागात शिरू पाहतात. तेव्हा स्टेरॉइडने हात बांधून ठेवलेले असले तर पंचाईत. प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. लेक्सिपॅफँट हे दाहविरोधी औषध ब्रिटनमध्ये २९० रुग्णांवर तपासलं, निकाल २००१ मध्ये आला, अवयव निकामी होणं त्याने थांबलं नाही. रुग्ण दारात येईपर्यंत भडका उडालेला असतो.

अपवाद एकच, ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते तो. त्यातल्या एका प्रकारात रक्तात आयजीजी४ हे प्रतिपिंड वाढलेलं असतं. तिथे स्टेरॉइड छान चालतं. तुमच्याकडे खडा आहे, तो विषय वेगळा.

प्रतिसाद: गावठी मिरची

गुळवेल पिढ्यान्‌पिढ्या घेतोय आम्ही. काढ्याने कुणाचं वाईट झालंय? अ‍ॅलोपॅथीवाल्यांना उगाच वावडं.

प्रतिसाद: पेशीवाला

पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्यांना स्वादुपिंडदाह नव्हता हो. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद आहे, हेही सांगतो. पण यापेक्षा बोलकं उदाहरण नेदरलँड्सचं. गंभीर स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिली, दह्यातल्यासारखे निरुपद्रवी जंतू. २००८ चा निकाल: प्रोबायोटिक घेतलेल्यांत १६ टक्के दगावले, न घेतलेल्यांत ६. 'द्यायला काय हरकत आहे' या आजारात चालत नाही.

धागाकर्ती

बाप रे. काढा बंद. मावससासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगेन, माझं नाही. 😄 शेवटचं: हे जुनाट होऊन बसेल का?

प्रतिसाद: कोपऱ्यातला डॉक्टर

बहुतेकांचं होत नाही, खडा हेच कारण असेल आणि पित्ताशय वेळेत निघालं तर. जुनाट होतं तेव्हा मॅक्रोफेज दुरुस्तीच्या कामाला लागतात आणि थांबतच नाहीत. त्यांच्या इशाऱ्यावर स्वादुपिंडातल्याच स्टेलेट नावाच्या पेशी तंतू विणत राहतात, स्वादुपिंड कडक होतं. त्याला खतपाणी घालतात दारू आणि सिगरेट. भाऊजी ओढत असतील तर काढ्याची भांडणं सोडा, आधी ती बंद करा. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका. साखर अधूनमधून तपासा, या आजारानंतर मधुमेह होऊ शकतो. आणि पुन्हा ताप, पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या तर इथे धागा वर काढत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. उशिरा आलेल्या तापात जंतू असू शकतात, तेव्हा अँटिबायोटिक लागेलही.

धागाकर्ती

ओढतात. जाऊबाईंना आत्ताच फोन लावते.